मुलांना पाणी वाचवायला शिकवायचंय? मग आधी पाणी मोजायला शिकवा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळवर पाऊस रुसला. शहराला पाणी पुरवणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं भरली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१८ मध्ये, शहरातले नळ पंधरा-पंधरा दिवसांनी आणि काही भागांत त्याहूनही उशिरा येऊ लागले. दारात ड्रमांची रांग लागली. टँकर आला की घरातलं लहानमोठं प्रत्येक भांडं बाहेर यायचं आणि शाळकरी मुलंही कळशी घेऊन धावायची. पुढे अमृत अभियानातून बेंबळा प्रकल्पाचं पाणी शहरात आणणारी मोठी योजना राबवण्यात आली. पण तो उन्हाळा पाहिलेल्या घरांमध्ये पाण्याचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न त्यानंतर मोठ्या झालेल्या मुलांचा आहे. दरवर्षी २२ मार्चला, जागतिक जल दिनाला, शाळांमध्ये 'पाणी वाचवा'च्या घोषणा होतात, चित्रं काढली जातात, प्रभातफेरी निघते. घोषणा मुलांना तोंडपाठ असतात. पण आपल्या घरात दिवसाला किती पाणी लागतं, असं विचारलं तर मूल गप्प होतं. बहुतेक वेळा आई-बाबाही गप्प होतात.

जे मोजलं नाही, ते वाचवणार कसं? म्हणून सुरुवात मोजण्यापासून करायची.

घराला पाणी लागतं तरी किती?

ग्रामीण भागात जल जीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचं प्रमाण धरलं आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी साधारण १३५ लिटरचा निकष वापरतात. आपत्तीत सापडलेल्या लोकांसाठी मदतकार्यात जो किमान आंतरराष्ट्रीय निकष मानला जातो, तो आहे माणशी १५ लिटर.

आता टंचाईतल्या एका घराचा हिशोब करून पाहू. समजा घरात पाच माणसं आहेत. साठवायला एक हजार लिटरची टाकी आणि दोनशे लिटरचे दोन ड्रम, म्हणजे एकूण १,४०० लिटर पाणी. नळ पंधरा दिवसांनी येणार. १,४०० भागिले १५ म्हणजे दिवसाला ९३ लिटर. त्याला पाचाने भागलं की माणशी साडेअठरा लिटरच्या आसपास. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, कपडे, संडास, सगळं त्यातच. म्हणजे आपत्तीतल्या माणसाच्या किमान गरजेपेक्षा जेमतेम तीन-चार लिटर जास्त.

पाचवी-सहावीतल्या मुलाला हा भागाकार सहज जमतो. त्याला तो स्वतः करू द्या. 'पाणी जपून वापर' हे वाक्य शंभर वेळा ऐकून जे कळत नाही, ते या एका उत्तरातून कळतं.

एवढा पाऊस पडतो, तरी टंचाई का?

यवतमाळ काही वाळवंट नाही. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्त पाऊस पडतो. वर्धा आणि पैनगंगा या नद्या जिल्ह्याच्या सीमांवरून वाहतात. अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, वाघाडी या नद्या आतून जातात. तरी उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात.

याचं एक कारण पायाखाली आहे. जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्ट खडकावर वसला आहे. वाळूत पाणी मुरतं तसं या खडकात मुरत नाही. वरचा झिजलेला थर आणि खडकातल्या भेगा एवढ्याच जागी ते साठतं. साठा लहान असल्यामुळे तो लवकर संपतो. दुसरं कारण पावसाची तऱ्हा. जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि त्यातलाही बराचसा काही मोजक्या दिवसांत कोसळून नाल्याने निघून जातो.

मुलांना हे दाखवायला दोन भांडी पुरतात. एकात वाळू भरा, दुसऱ्यात दगडाचे मोठे तुकडे घालून फटीत थोडी माती भरा. दोन्हींवर तांब्याभर पाणी ओता. कुठे मुरतं, कुठे वरून वाहून जातं आणि कुठे फक्त फटीतून खाली उतरतं, ते मूल डोळ्यांनी पाहील. 'जमिनीत पाणी मुरवा' या वाक्याचा अर्थ मग वेगळा सांगावा लागणार नाही.

पाण्याची वही: सात दिवसांचा हिशोब

घरातल्या पाण्याचा ताळेबंद मांडायला एक जुनी वही आणि एक बादली पुरेशी आहे. आधी बादलीत किती पाणी मावतं, ते लिटरच्या बाटलीने मोजून घ्या. तेच हंड्याचं, गुंडाचं आणि तांब्याचं. मग आठवडाभर रोज लिहा: काम कोणतं, किती वेळा झालं, किती बादल्या लागल्या.

नळाखाली थेट होणाऱ्या कामांना खाली बादली ठेवून पाहा. दात घासताना नळ सुरूच ठेवला, तर बादली कुठवर भरते? नळ मिनिटाला सहा लिटर सोडत असेल, तर दोन मिनिटांत बारा लिटर गेलं. तेच काम एका तांब्यात होतं.

ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर पेला ठेवा. तासात २०० मिलिलिटरचा पेला भरला, तर दिवसाला ४.८ लिटर आणि महिन्याला १४४ लिटर पाणी गटारात गेलं. नळाचा वायसर काही रुपयांत बदलून मिळतो. हा हिशोब मुलाने लिहून फ्रिजवर चिकटवला की प्लंबरला बोलवायचं काम पुढच्या आठवड्यावर ढकलणं बाबांना अवघड जातं.

विदर्भातल्या घरांनी वहीत आणखी एक रकाना ठेवायला हवा, तो म्हणजे कूलरचा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे गेला की कूलरशिवाय दुपार काढणं कठीण, आणि कूलर पाण्यावरच चालतो. दिवसाला त्यात किती बादल्या ओतल्या, ते बहुतेक घरांत कुणी मोजलेलंच नसतं. मोजल्यावर अनेकांना आंघोळीपेक्षा कूलरचा आकडा मोठा दिसेल. म्हणून कूलर बंद करा, असं कुणी म्हणणार नाही. पण दोन खोल्यांत दोन कूलर चालवण्याऐवजी दुपारी सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचं, हे तर ठरवता येतं.

आठवडा संपला की सगळ्यांनी मिळून वही पाहायची आणि फक्त एकच गोष्ट बदलायला निवडायची. दहा नियम एका दिवशी लावले तर चौथ्या दिवशी सगळे मोडतात. एक सवय अंगवळणी पडली की दुसरी.

कोणत्या वयाला काय शिकवायचं?

तीन ते सहा वर्षांच्या, अंगणवाडीतल्या मुलांना लिटर कळत नाही, पण 'भरलेलं' आणि 'रिकामं' कळतं. त्यांना न सांडता एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतायला द्या. पाणी पिताना पेला अर्धाच भरायचा, लागलं तर परत घ्यायचं, ही सवय याच वयात लागते.

सहा ते दहा वर्षांची मुलं मोजू शकतात. वहीत रेघा मारणं, नळ नीट बंद आहे का ते पाहणं, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणं ही कामं त्यांची.

दहा वर्षांपुढच्या मुलांना गणित द्या. घराच्या छपरावर वर्षाला किती पाणी पडतं, ते काढायला सांगा. नियम सोपा आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर ४० चौरस मीटर आणि पाऊस ९०० मिलिमीटर असेल, तर ३६,००० लिटर. त्यातलं थोडं उडून, सांडून गेलं असं धरून ८० टक्के मोजलं, तरी २८,८०० लिटर. माणशी ५५ लिटरने पाच जणांच्या घराला दिवसाला २७५ लिटर लागतात. म्हणजे शंभरहून अधिक दिवसांचं पाणी आपल्याच छपरावरून वाहून जातं. ते सगळं साठवणं प्रत्येक घराला जमणार नाही, पण पन्हाळीखाली ड्रम ठेवणं किंवा ते पाणी शोषखड्ड्यात सोडणं जमतं.

ओझं कुणाच्या डोक्यावर?

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांड्याशिवाय पंधरा किलो. बहुतेक घरांत हे ओझं आई, आजी किंवा मोठी मुलगी वाहते. जो पाणी वाहत नाही, त्याला ते सांडताना काही वाटत नाही.

म्हणून पाणी भरण्याचं काम मुलगा-मुलगी असा भेद न करता वाटून द्यायला हवं. लहान मुलांना जड भांडी उचलायला लावू नयेत, त्यांना तांब्या-कळशी पुरे. पण मोठ्या मुलाने आणि वडिलांनी आपल्या आंघोळीची बादली स्वतः भरून न्यायची, एवढा एक नियम केला तरी फरक पडतो. चार बादल्या आणाव्या लागल्या की दोन बादल्यांत आंघोळ होऊ शकते, हे आपोआप लक्षात येतं.

'शिळं पाणी' ओतून द्यायचं का?

नळ आला की काल भरून ठेवलेलं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं, ही सवय अनेक घरांत आहे. मुलं घोषणांपेक्षा हे जास्त नीट पाहतात.

स्वच्छ भांड्यात, झाकण ठेवून भरलेलं पिण्याचं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. ते खराब होतं हात बुडवल्याने. त्यासाठी लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ वापरावा. तरीही पाणी बदलायचंच असेल, तर आधीचं पाणी भांड्यांना, फरशीला किंवा झाडांना वापरावं.

पण साठवलेल्या पाण्याची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतो. आता ज्या घरात नळच पंधरा दिवसांनी येतो, त्यांनी पाणी ओतून द्यायचं की डास होऊ द्यायचे?

यातून वाट आहे. ड्रम एकाच वेळी सगळे वापरायला काढू नयेत. एक ड्रम वापरून पूर्ण संपवायचा, मगच दुसरा उघडायचा. रिकामा झालेला ड्रम आतून घासून कोरडा करायचा. घासणं महत्त्वाचं, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. भरलेल्या ड्रमवर घट्ट झाकण आणि त्याखाली कापड बांधायचं. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन ड्रम, कूलरची टाकी आणि फ्रिजमागचा ट्रे यांत वळवळणाऱ्या अळ्या शोधायचं काम मुलांवर सोपवा. अळ्या दिसल्याच, तर ते पाणी कापडातून गाळून कपडे-फरशीला वापरता येतं किंवा कोरड्या मातीवर ओतता येतं. गटारात मात्र सोडू नये.

सगळं पाणी सारखं नसतं

यवतमाळमध्ये पाण्याचा आणखी एक धडा शिकवावा लागतो. जिल्ह्याच्या काही भागांत, विशेषतः पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, वणी या पट्ट्यातल्या काही गावांत, जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आढळलं आहे. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं, तर दातांवर आणि पुढे हाडांवर परिणाम होतो.

याचा सगळ्यात आधी फटका बसतो लहान मुलांना. कायमचे दात हिरड्यांच्या आत घडत असतात ती पहिली सात-आठ वर्षं. त्या वयात असं पाणी पोटात गेलं, तर दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा पिवळे-तपकिरी डाग येतात. ते घासून जात नाहीत. हे पाणी दिसायला स्वच्छ असतं, त्याला वासही नसतो. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण किंचित वाढतं.

अशा गावात पाणी वाचवणं म्हणजे कोणतं पाणी कोणत्या कामाला हे ठरवणं. नळयोजनेचं किंवा शुद्धीकरण केलेलं सुरक्षित पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला. फ्लोराइडच्या हातपंपाचं पाणी कपडे, फरशी, संडास यांना. सुरक्षित पाण्याने अंगण शिंपडलं आणि मग पोरांना हातपंपाचं पाणी प्यावं लागलं, तर त्याची किंमत त्यांचे दात मोजतात. घरात दोन रंगांची भांडी ठेवली, निळं पिण्याचं आणि लाल वापरायचं, तर चार वर्षांच्या मुलालाही फरक कळतो.

आपल्या गावातला स्रोत सुरक्षित आहे का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारता येतं. पाण्याचे नमुने तपासायची सोय जिल्ह्यातल्या प्रयोगशाळांत आहे. मुलांनी शाळेत विचारायचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच: 'आपल्या शाळेचं पाणी शेवटचं कधी तपासलं?'

कुठे काटकसर करायची नाही?

दोन जागी पाणी वाचवायचं नाही. एक, पिण्यात. उन्हाळ्यात मूल पाणी कमी प्यायलं, तर त्याला ऊन लागायला वेळ लागत नाही. शाळेत जाताना बाटली भरलेलीच हवी. परत येताना उरलेलं पाणी रस्त्यावर ओतण्याऐवजी एखाद्या झाडाला किंवा पाखरांच्या भांड्यात घालावं, एवढंच.

दोन, हात धुण्यात. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायलाच हवेत. हात ओले करायचे, नळ बंद करायचा, वीस सेकंद साबण चोळायचा आणि मग तांब्याने धुवायचे. यात अर्धा-पाऊण लिटरच्या वर पाणी लागत नाही.

बादलीने दुष्काळ हटेल का?

हा प्रश्न मोठी मुलं विचारतात आणि त्याचं खरं उत्तर द्यायला हवं. नाही हटणार. आपल्याकडे पाण्याचा सगळ्यात मोठा वाटा शेतीला लागतो. घरातल्या दोन बादल्या वाचवून धरण भरत नाही. पण त्या दोन बादल्यांनी घरातल्या ड्रमाचं पाणी आणखी एक दिवस पुरतं, टँकरचा एक फेरा लांबतो, आईची एक खेप वाचते. शिवाय जे घर आपलं पाणी मोजतं, ते उद्या गावाचं पाणीही मोजायला मागतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे त्याचं उदाहरण. तिथे पाऊस यवतमाळच्या निम्म्याहून कमी, साधारण ४०० मिलिमीटरच्या आसपास. पण गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती झाला, आधी माणसांना आणि जनावरांना किती लागेल, आणि उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची, हे ग्रामसभेत ठरतं. घरातली पाण्याची वही हेच काम लहान आकारात करते.

आणि यवतमाळला हा विषय नवा नाही. महाराष्ट्रात जलसंधारणाचं स्वतंत्र खातं १९९२ मध्ये सुरू झालं, तेव्हा मुख्यमंत्री होते सुधाकरराव नाईक. ते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. तेव्हा शाळांना सुट्या असतात, माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो आणि पाऊस अजून महिनाभर दूर असतो. मुलांसोबत पाण्याची वही सुरू करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

जुन्या घरांत पाहुण्यापुढे भरलेला ग्लास येत नसे. तांब्या-पेला येत असे. लागेल तेवढं पाहुणा ओतून घेई, उरलेलं पाणी तांब्यात राही. हवं तेवढं घ्यायचं आणि उरलेलं पुढच्यासाठी ठेवायचं, हे मुलांना तसंच शिकवता येतं. त्यासाठी मोठ्यांनी आधी तांब्या बाहेर काढायला हवा.